पाटी एक, दालन दुसरे

आपल्या घरांतील जुनी कागदपत्रे आता लोखंडी पेटीतून संगणकात येऊ लागली आहेत. वंशावळी, आजोबांची पत्रे, मंडळाच्या स्मरणिका! महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटलेल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांना हे कागद म्हणजे मूळ गावाशी जोडणारा धागाच. भावंडे चार गावी विखुरलेली असल्याने ते दूरच्या सामायिक संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवले जातात. या ने-आणीत एक बारीक दोष फार मोठे नुकसान करू शकतो. त्याविषयी आज चार शब्द.

फाईली हाताळणाऱ्या अनेक प्रोग्रामांत पडद्याचे दोन भाग असतात. एका बाजूस आपल्या संगणकातील फोल्डर, दुसऱ्या बाजूस सर्व्हरवरचा. आपण समजतो की उजवीकडे दिसते तेच सर्व्हरवर आहे. वस्तुतः ती सर्व्हरने काही वेळापूर्वी पाठवलेली यादी असते. यादी आणि वास्तव यांची फारकत झाली, की दारावर पाटी एका दालनाची आणि आत दालन दुसरेच, अशी गत होते.

ही फारकत होते कशी? एफटीपी ही ने-आणीची जुनी पद्धत. आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला मसुदा लिहिला. १९८५ मध्ये तिचे प्रमाणित रूप ठरले. या पद्धतीत ‘अमुक फोल्डरात चल’ अशी आज्ञा एकदा दिली, की सर्व्हर ती जागा ध्यानात ठेवतो. पुढे फाईलचे नुसते नाव सांगितले तरी भागते. मात्र हे स्मरण त्या जोडणीपुरतेच असते. काम काही वेळ थांबले, तर सर्व्हर जोडणी तोडतो. प्रोग्राम ती मुकाट्याने पुन्हा जोडतो. पण नव्या जोडणीत आपण पुन्हा उंबरठ्यावर, आरंभीच्या फोल्डरात उभे असतो. प्रोग्रामने आधीची आज्ञा पुन्हा दिली नाही, तर पडद्यावर ‘स्मरणिका’ आणि पाय मात्र अंगणात! एसएफटीपी या नंतरच्या सुरक्षित पद्धतीत सर्व्हर चालू फोल्डर ध्यानात ठेवतच नाही. पूर्ण पत्ता सांगण्याची जबाबदारी प्रोग्रामची. तिथे हिशेब चुकला, तर दोष प्रोग्रामचाच.

आणखी एक कारण अक्षरांचे आहे. विंडोजवर रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत सहसा भेद केला जात नाही. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र तो केला जातो. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात आणि कागद निम्मे इकडे, निम्मे तिकडे राहतात.

चुकीच्या जागी पाठवलेली फाईल शोधून सापडेल. पण तिथे त्याच नावाची फाईल असली, तर ती पुसून नवी तिच्या जागी बसू शकते. त्याहून भयंकर प्रकार दोन्ही बाजू ‘एकसारख्या’ करण्याच्या सोयीचा. तीत जास्तीच्या फाईली काढून टाकण्याची मुभा असली आणि पत्ता चुकलेला असला, तर ज्यांचा काही संबंधच नाही अशी वर्षानुवर्षांची कागदपत्रे क्षणात नाहीशी होतात. सर्व्हरवरून पुसलेले बहुधा केराच्या टोपलीतही जात नाही. मग शोधाशोध म्हणजे वरातीमागून घोडे.

उपाय साधे आहेत. काम मध्येच थांबवून परतल्यावर यादी ताजी करून घ्यावी. सर्व्हरला ‘मी कुठे आहे?’ असे विचारण्याची आज्ञा असते. तिचे उत्तर पडद्यावरच्या पत्त्याशी ताडून पाहावे. प्रथम एक बिनमहत्त्वाची लहान फाईल पाठवावी आणि ती योग्य जागी पोहोचल्याची खात्री दुसऱ्या संगणकावरून करावी. पुसण्याची मुभा बंद ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक प्रत सर्व्हरपासून अलग, घरच्या कपाटात असावी. मूळ कागदही, संगणकात आले म्हणून, रद्दीवाल्याला देऊ नयेत.

पत्र टाकण्यापूर्वी पाकिटावरचा पत्ता एकदा मोठ्याने वाचून पाहण्याची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना होती. ती अजून मोडीत काढण्याजोगी झालेली नाही.