चिन्ह बदला, गुणा आणि गप्प बसा!

'छेदाचा कॉन्ज्युगेट घ्या, वर-खाली गुणा, उत्तर लिहा.' अकरावीतला संमिश्र संख्यांचा भागाकार अनेक क्लासेसमध्ये या एका वाक्यात उरकतात. काही जण तेवढेही सांगत नाहीत, तयार सूत्र देतात आणि पाठ करा म्हणतात. याला शिकवणे म्हणायचे असेल तर पोपटालाही पदवी द्यायला हरकत नाही.

पण का गुणायचे? उणे एकच्या वर्गमुळाला 'आय' म्हणतात. समजा, (७ + आय) ला (२ + आय) ने भागायचे आहे. अडचण एकच, छेदात आय बसला आहे. त्याला हटवायला अंश आणि छेद दोघांनाही (२ − आय) ने गुणायचे. छेद होतो ४ − आय², म्हणजे ४ + १ = ५. अंश होतो १५ − ५ आय. आता नुसते पाचाने भागायचे. उत्तर ३ − आय. संपले!

मराठी शाळेतल्या मुलाने हे नववीत केलेलेच असते. छेदात २ + √३ असेल तर २ − √३ ने गुणून छेदाचे परिमेयीकरण करायचे. तिथे या जोडीचे नाव 'अनुबद्ध'. अकरावी सायन्सला माध्यम इंग्रजी होते, तीच जोडी 'कॉन्ज्युगेट' होऊन येते आणि पोराला वाटते, नवे संकट आले. 'अरे, ही तुझी जुनीच ओळख आहे' एवढे एक वाक्य सांगायला काय जाते? ते न सांगितल्यामुळे हुशार पोरे गणित आपले नव्हे असे ठरवून मोकळी होतात.

ओळख तशी फारच जुनी. करणींचा भागाकार करताना छेदातल्या एका करणीचे चिन्ह बदलून वर-खाली गुणावे, हा नियम भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (इ. स. ११५०) आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असेही त्यांनीच सांगितले. पुढे १५४५ मध्ये इटलीत कार्डानोने ५ + √−१५ आणि ५ − √−१५ यांचा गुणाकार ४० येतो हे दाखवले. संख्या नवी, युक्ती तीच.

'सीईटीत वेळ कुठे असतो?' हे उत्तर ठरलेले. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटे, मान्य. पण पाठ केलेल्या सूत्रातले एक चिन्ह विसरले की सगळेच गेले. कारण ठाऊक असलेला मुलगा तेच उत्तर दोन ओळींत काढतो.

सूत्र जरूर द्या. पण आधी कारण द्या, आणि ते मुलाला कळेल अशा शब्दांत द्या.