प्रताप सरनाईक: हिंदुत्व आणि मराठी, दोन्ही सांभाळणं अवघड का?
ओवळा-माजिवडा मतदारसंघात २००९ पासून चार निवडणुका झाल्या, आमदार मात्र एकच: प्रताप सरनाईक. एकेकाळचे रिक्षाचालक, आता परिवहनमंत्री.

जून २०२१ मध्ये त्यांनी उद्धव ठाकरेंना पत्र लिहून भाजपशी जुळवून घ्या, असं सुचवलं. त्यात केंद्रीय तपास यंत्रणांच्या त्रासाचाही उल्लेख होता. साधारण वर्षभरानंतर ते एकनाथ शिंदेंसोबत गेले. त्यामुळे विचार किती आणि सोय किती, हा प्रश्न कायम राहिला.

८ जुलै २०२५ ला मीरा रोडच्या मराठी मोर्चात ते गेले, तेव्हा आंदोलकांनी घोषणा देत त्यांना माघारी पाठवलं. त्यांच्या मतदारसंघात मीरा-भाईंदरचाही भाग आहे. तिथे मराठी आणि अमराठी, दोघांचीही मतं लागतात. हिंदुत्व दोघांना जोडतं. भाषेचा वाद पेटला की तेच गणित बिघडतं.