विहिरी खणणाऱ्याचा मुलगा, आशियाई सुवर्ण आणि दोन वर्षांची बंदी : दत्तू भोकनळची गोष्ट काय सांगते?

नाशिक जिल्ह्यातला चांदवड तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. तिथल्या तळेगाव रोहीत विहिरी खणणाऱ्या मजुराचा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये होडी वल्हवत होता. त्या स्पर्धेतला तो भारताचा एकमेव रोइंगपटू होता.

दुष्काळी गावातून रोइंगपटू कसा घडला?

रोइंगसाठी मोठा जलाशय, महागडी होडी आणि प्रशिक्षक लागतो. गावातल्या मुलाला हे परवडत नाही. वडिलांच्या निधनानंतर दत्तू २०१२ मध्ये लष्करात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती वल्ही आली. अवघ्या चार वर्षांत तो ऑलिम्पिकला पोहोचला. घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी असताना त्याने रिओत सिंगल स्कल्समध्ये १३ वा क्रमांक मिळवला.

२०१८ मध्ये काय झालं?

आशियाई स्पर्धेत एकट्याच्या शर्यतीत दत्तू अर्ध्यातच थांबला. आजारी असल्याचं त्याने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंह, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंह यांच्यासोबत त्याने चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्ण जिंकलं.

मग बंदी का?

शर्यत अर्धवट सोडल्याचा ठपका ठेवत भारतीय रोइंग महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. शर्यत सोडण्याबाबत शिस्त हवी, हे कुणीही मान्य करेल. पण बंदीची वेळही महत्त्वाची होती. ऑगस्ट २०१९ ची जागतिक स्पर्धा टोकियो ऑलिम्पिकसाठी पात्रता फेरीही होती. ती त्याला खेळता आली नाही. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. टोकियोला मात्र तो गेला नाही.

यातून काय दिसतं?

क्रिकेटपटूला एका संघाने वगळलं, तर दुसरा संघ असतो. रोइंगपटूला पर्याय नसतो. होडी संस्थेची, निवड महासंघाची. त्यामुळे एका निर्णयाने ऑलिम्पिकची चार वर्षं वाया जाऊ शकतात. म्हणूनच खेळाडू आजारी होता की नाही, हे शर्यत संपताच स्वतंत्र डॉक्टरने तपासून नोंदवलं पाहिजे आणि शिक्षेविरुद्ध दाद मागायची सोय पात्रता फेरीआधी मिळायला हवी.

दत्तूला दुष्काळी गावातून बाहेर काढलं ते एका दाराने. असं एकच दार असलेल्या खेळात ते बंद करण्याआधी खेळाडूचं नीट ऐकून घेणं, हीसुद्धा शिस्तच आहे.