आधी तराजू, मग अणू

मँचेस्टरच्या नगरभवनात फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकाराने १८८७ साली रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. डबक्याच्या काठाशी एक माणूस काठीने तळाचा चिखल ढवळतोय, वर येणारे बुडबुडे एक पोरगा रुंद तोंडाच्या बाटलीत पकडतोय आणि गावातली लहान मुलं कुतूहलाने बघताहेत. तो माणूस म्हणजे जॉन डाल्टन. शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना हे नाव आठवतं, पण ते अणुसिद्धांताच्या मुद्द्यांपुरतं. द्रव्य अणूंचं बनलेलं असतं, अणू अविभाज्य असतो, एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे असतात. मुद्दे पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात, गुण मिळतात. डबकं आणि बाटली मात्र वर्गापर्यंत पोचत नाही.

एखाद्या मुलीने विचारलं, ‘अणू दिसत नाही, मग तो आहे हे डाल्टनला कळलं कसं?’ तर त्या मुद्द्यांच्या यादीत उत्तर सापडत नाही. त्यात भर म्हणजे पुढच्याच धड्यांत इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि समस्थानिकं येतात आणि नुकतेच पाठ केलेले दोन मुद्दे चुकीचे ठरतात. काल पुस्तकात होतं म्हणून मानलं, आज पुस्तकात नाही म्हणून सोडलं, एवढाच बोध मुलांच्या पदरात पडतो. रसायनशास्त्राची ओळख करून देण्याची ही रीत मुळातून बदलायला हवी. अणूच्या आधी वर्गात तराजू आला पाहिजे, कारण इतिहासातही तोच आधी आला.

पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिएने १७७४ साली काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं. कथिलावर राखेसारखा थर चढला, पण भांड्याचं एकूण वजन जसंच्या तसं राहिलं. भांडं उघडल्यावर बाहेरची हवा फुसकन आत शिरली आणि तेव्हा वजन वाढलं. म्हणजे धातूने हवेतलंच काहीतरी ओढून घेतलं होतं. वस्तू जळताना तिच्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं द्रव्य बाहेर पडतं, असं तोवर सगळे मानत आले होते. त्या समजुतीच्या मुळावर घाव घातला तो अशा मोजमापांनी. लाव्हाझिएच्या १७८९ च्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे आणि तिच्यात प्रकाश आणि उष्णताही आहेत! त्यातली उपकरणांची नेटकी चित्रं काढली ती त्याची पत्नी मारी-ॲन हिने. अणूंबद्दल बोलणं मात्र लाव्हाझिएने कटाक्षाने टाळलं. जे मोजता येत नाही त्यावर तर्क लढवणं त्याला मान्य नव्हतं.

पुढची पायरी जोसेफ प्राउस्टची. खनिज म्हणून सापडलेलं तांब्याचं कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत तयार केलेलं कार्बोनेट, दोन्हींत घटकांचं प्रमाण सारखंच निघतं, हे त्याने दाखवून दिलं. बर्थोलेसारख्या मातब्बराने याला आव्हान दिलं आणि दोघांचा वाद काही वर्षं चालला.

डाल्टन हा इंग्लंडच्या कंबरलँड परगण्यातल्या एका विणकराचा मुलगा. बाराव्या वर्षापासून तो शाळेत शिकवू लागला. हवामानाच्या नोंदी ठेवायला त्याने १७८७ मध्ये सुरुवात केली आणि १८४४ साली मरेपर्यंत त्यात खंड पडू दिला नाही. हवेतले जड आणि हलके वायू एकावर एक थर करून का बसत नाहीत, पाण्यात एखादा वायू जास्त आणि दुसरा कमी का विरघळतो, या प्रश्नांनी त्याला अणूंकडे नेलं. ऑक्टोबर १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्याने अणूंच्या सापेक्ष वजनांबद्दलचे आपले विचार मांडले. डबक्यातला वायू त्यानंतर आला. हा वायू म्हणजे मिथेन, आपल्या गोबरगॅसमधला मुख्य घटक. फळं पिकवणाऱ्या इथिलीनशी डाल्टनने त्याची तुलना केली. आजच्या अचूक आकड्यांत सांगायचं तर सहा ग्रॅम कार्बनमागे इथिलीनमध्ये एक ग्रॅम हायड्रोजन असतो आणि मिथेनमध्ये बरोबर दोन. दीड नाही, पावणेदोन नाही. द्रव्य कितीही बारीक वाटता येत असतं तर मधलं कुठलंही प्रमाण चाललं असतं. या दोन वायूंत प्रमाण एकावरून थेट दोनावर उडी मारतं, कारण हायड्रोजनचा अर्धा अणू नसतो. न दिसणाऱ्या कणाबद्दल दिसणाऱ्या वजनावरून काढलेला हा निष्कर्ष मानवी बुद्धीच्या थोर करामतींपैकी एक आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तो पुरता समजू शकतो.

त्याहून मोलाची आहे डाल्टनची चूक. तराजू फक्त प्रमाण सांगतो, अणूंची संख्या सांगत नाही. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्याच्या कणात दोघांचा एकेक अणू असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो आणि हायड्रोजनचे दोन असतील तर सोळापट. डाल्टनने सोपा मार्ग धरला. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर त्यात एकास एक अणू मानायचा, असा नियमच त्याने केला. शिवाय त्याची मोजमापंही ढोबळ होती, त्यामुळे १८०८ च्या त्याच्या पुस्तकात ऑक्सिजनच्या अणूचं वजन सात दिलेलं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस गे-ल्यूसॅकने दाखवलं की दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर वाफ होते. हे खरं मानलं आणि समान आकारमानांत कणांची संख्या समान धरली, तर ऑक्सिजनचा कण दुभंगला पाहिजे, आणि तेच डाल्टनला पटेना. आवोगाद्रोने १८११ साली गाठ सोडवली होती. ऑक्सिजनचा कण दोन अणूंचा रेणू असतो, असं त्याने मांडलं. जवळजवळ पन्नास वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा कॅनिझारोने ही बाजू जोरकसपणे मांडली आणि त्याची पुस्तिका तिथे वाटली गेली. श्रोत्यांत २६ वर्षांचा मेंडेलीव्ह होता. नऊ वर्षांनी त्याची आवर्तसारणी आली. इतकं होऊनही विल्हेल्म ओस्टवाल्डसारखा दिग्गज विसावं शतक उजाडल्यावरही अणू मानायला तयार नव्हता. झाँ पेराँचे आणि इतरांचे प्रयोग पाहून त्याने अखेर मत बदललं.

आपल्याकडे अणूचा विषय निघाला की कणादांचं नाव घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. वैशेषिक दर्शनाने पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे परमाणू मानले, त्यांचं द्व्यणुक आणि त्र्यणुक कसं होतं याची मांडणी केली, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या कणाला लहानात लहान दृश्य वस्तू मानलं. डेमॉक्रिटसचा अणूही असाच चिंतनातून आला. डाल्टनच्या अणूला वजन होतं, म्हणून तो तपासता आला आणि खोटा ठरवता आला. हा फरक वर्गात मोकळेपणाने सांगितला तर कणादांच्या मोठेपणाला कसलीही बाधा येत नाही. उलट ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ एवढ्यावर थांबलं की दोन्ही परंपरा अर्धवट कळतात.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. उघड्या पेल्यात अर्धी वाटी व्हिनेगर घ्यायचं, दोन ग्रॅम खायचा सोडा कागदावर शेजारी ठेवायचा आणि सगळ्याचं एकत्र वजन करायचं. सोडा पेल्यात टाकला की फसफस होते आणि बघता बघता जवळपास एक ग्रॅम कमी भरतो. मग तेवढाच सोडा कागदाच्या पुडीत बांधून व्हिनेगर घातलेल्या एक लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सोडायचा आणि झटकन बूच घट्ट लावायचं. बाटली टणक होते, काट्यावरचा आकडा हलत नाही. बूच सैल केलं की फस्स आवाज येतो आणि आकडा खाली येतो. ‘गेलं ते कुठे गेलं?’ हे शिक्षकाने विचारायच्या आतच मुलं विचारतात.

परीक्षेचा प्रश्न बदलला तर शिकवणंही बदलेल, कारण आपल्याकडे वर्ग प्रश्नपत्रिकेच्या मागे चालतो. ‘डाल्टनच्या अणुसिद्धांताचे मुद्दे लिहा’ हा प्रश्न रद्द करावा आणि त्या जागी असं विचारावं: पाण्यात हायड्रोजनच्या आठपट वजनाचा ऑक्सिजन असतो, आणि दोन लिटर हायड्रोजन व एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर वाफ होते, समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन दोन्हींचे रेणू दोन-दोन अणूंचे असतात असं धरून, पाण्यात एकास एक अणू का असू शकत नाही ते दाखवा. नववीतलं मूल हे सोडवू शकतं. त्याला लागणारं गुणोत्तर-प्रमाणाचं गणित तोवर शिकवून झालेलं असतं.