खिळा मारायचा नाही

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतलेल्याला एक कलम तोंडपाठ असते: भिंतीला खिळा मारायचा नाही. कुत्रा पाळायचा नाही, मटण शिजवायचे नाही, यावर निदान हुज्जत तरी होते. खिळ्यासाठी कोण भांडणार? सही करून मोकळे होतात. मग बाणेरपासून खराडीपर्यंत कितीतरी घरांत भिंती पांढऱ्याफटक आणि चित्रे मात्र चपलांच्या स्टँडला टेकून उभी, असा देखावा दिसतो.

आमच्या भाचीने हे कलम मनापासून पाळले. एक वारली चित्र आणि आजोबांचा फोटो एवढीच तिची इस्टेट. त्यासाठी तिने चिकटवायचे हूक आणले. जुलैत भिंतीला ओल धरली आणि एका रात्री आजोबा धाडकन खाली आले. काच फुटलीच, पण हुकाबरोबर तळहाताएवढा रंगाचा पोपडाही निघाला. ड्रिलने सहा मिलिमीटरचे भोक पाडून गिट्टी बसवली असती, तर घर सोडताना चिमूटभर लांबी भरून वर पॉलिश पेपर फिरवला की झाले असते. मालकांनी डिपॉझिटमधून सबंध हॉलच्या रंगाचे पैसे कापले. नियम पाळल्याचा दंड!

मालकांचेही काही चुकत नाही असे नाही, पण त्यांचा धसका खोटा नव्हे. नव्या इमारतींत आत जिप्समचा गिलावा असतो. त्यावर वरवंट्याने खिळा ठोकणारे महाभाग आहेत. खिळा वाकतो, दुसरा ठोकतात, तोही वाकतो, आणि शेवटी भिंत देवी आल्यासारखी दिसते. पण हा दोष वरवंट्याचा. त्यासाठी चित्रालाच घराबाहेर काढायचे हा कुठला न्याय? महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ पाहा. भाडेकरूने परवानगीशिवाय कायमचे बांधकाम केले तर त्याला घराबाहेर काढता येते. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग यांना तो कायदा कायमचे बांधकाम मानत नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’वाला त्या अर्थाने भाडेकरू नाही, हे कबूल. तरी ज्या राज्यात ओटा खपतो, तिथे खिळा खपू नये?

आणि हे पुण्यात! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली इथे चित्रशाळा काढली. तोवर भिंतीवर चित्र म्हणजे सरदार-मुत्सद्द्यांची मिजास. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीच रंगवल्या आहेत. शिळाछापाने चित्र कागदावर आले आणि चित्रशाळेचे रामपंचायतन साध्या घरातल्या भिंतीवर जाऊन बसले. पुढे रविवर्म्यांचा छापखानाही मुंबईहून हलला तो इथून जवळच, मळवलीला. हे सगळे छापील देव आणि देवी टांगायला शेवटी लागत होता एक खिळा.

तो ठोकणारे बहुतेक भाडेकरूच होते. पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांचे बिऱ्हाड, पण छताखाली तसबिरींची रांग ठरलेली. वरून पुढे झुकलेल्या, कारण बघणारा खाली सतरंजीवर बसलेला असे आणि तिरकी तसबीर त्याच्याकडे तोंड करून राही. काचेवर उजेडही कमी चमके. झुकलेल्या तसबिरीमागे चिमण्या हमखास घरटे करीत. काड्या खाली ताटात पडत, आई ओरडे, पण पिल्ले उडेपर्यंत तसबीर कोणी हलवत नसे. मालक त्याच वाड्यात राही. नळावरून, जिन्यातल्या सायकलीवरून, रात्री दिंडी कधी लावायची यावरून त्याची भांडणे होत. खिळ्यावरून झालेले भांडण मात्र आमच्या ऐकिवात नाही.

करारात एक ओळ बदलली तरी भागेल. दर खोलीत दोन गिट्ट्या, ड्रिलनेच, आणि जाताना लांबी भरून देणे भाडेकरूकडे. जागाही मालकांनीच आखून द्यावी, म्हणजे भिंतीतली वायर वाचेल. उंची मात्र राहणाऱ्याला ठरवू द्या. सोफ्यावर बसून बघायचे चित्र ट्यूबलाइटच्या शेजारी कशाला?

भाचीने यंदा घर बदलले. कलम तेच. पण आधीच्या कोणा भाडेकरूचा एक खिळा हॉलमध्ये राहून गेला आहे, नेमका बसल्यावर नजरेला येईल असा. मालकांना तो अजून दिसलेला नाही. सध्या त्यावर वारली चित्र आहे. आजोबांचा नंबर पितृपंधरवड्यात.