'वऱ्हाड' शोधले तर सापडत का नाही?

१/
संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी लिहिणे ही मोठी कटकट आहे, असे आपण रोज ऐकतो आणि म्हणतोही. अक्षर खोडायला जावे तर त्याचा निम्माच भाग खोडला जातो. डोळ्यांसमोर दिसत असलेला शब्द शोधचौकटीत टाकावा, तर 'काहीही सापडले नाही' असे उत्तर येते. यावर एक ठरावीक समजूत काढली जाते: आपली लिपीच मुळात किचकट. मित्रहो, ही समजूत मला मान्य नाही. या कटकटींना इतिहास आहे, तारखा आहेत, आणि बहुतेकींच्या मागे कोणीतरी घेतलेला एखादा निर्णय आहे. आजचा धागा त्या निर्णयांविषयी.

२/
सुरुवात छापखान्यापासून करावी लागते. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले आणि १८१० च्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. मराठी मुलखाचा रोजचा कारभार तेव्हा मोडीतच चालत होता. पुढे मात्र छपाईने बाळबोध उचलली आणि मोडी हळूहळू हस्तलिखितापुरती उरली. कोणती लिपी जगणार यात यंत्राचाही शब्द चालतो, हे आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

३/
बाळबोधीलाही यंत्राने सुखासुखी सामावून घेतले नाही. मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाते. या अडचणीला दोन प्रकारची उत्तरे मिळाली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने लिपी आहे तशी स्वीकारली आणि तिला शोभतील असे खिळे कष्टाने घडवले. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. सावरकरांनी तर रत्नागिरीच्या काळात लिपीचीच पुनर्रचना सुचवली. जुन्या मासिकांत 'अितिहास' किंवा 'अुपयोग' असे छापलेले पाहून ज्यांना मुद्रणदोष वाटला असेल, त्यांनी लक्षात घ्यावे की ती जाणीवपूर्वक केलेली सुधारणा होती. यंत्र बदलायचे की लिपी बदलायची, हा प्रश्न तेव्हा निदान उघडपणे विचारला जात होता. लोक त्यावर भांडत होते. पुढच्या काळात तो विचारलाच गेला नाही.

४/
टंकलेखन यंत्रात कळांची संख्या ठरलेली होती. चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येक कळेवर दोन आकार, म्हणजे सारी मराठी नव्वदीच्या आसपास आकारांत बसवायची. मग अर्धा 'ख' उमटवून त्याला काना जोडायचा, म्हणजे पूर्ण 'ख' होतो, अशा युक्त्या आल्या. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी दाबायची. 'कि' लिहिताना प्रथम 'ि', नंतर 'क'. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन हजारो तरुण-तरुणींनी ही सवय बोटांत मुरवली, कारण त्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरी अवलंबून होती.

५/
नंतर संगणक आला. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही कळरचना प्रमाणित केली: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि बहुतेक भारतीय लिप्यांना एकच मांडणी. मुळात ही सुरेख कल्पना आहे. येथे क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी 'क' आणि मग 'ि'. पण आयुष्यभर उलट क्रमाने टंकणाऱ्या बोटांचे काय करायचे? आणि दुकानातून घरी आणलेल्या कळफलकावर ही अक्षरे कोरलेली कुठे असतात? प्रमाण ठरवणे आणि ते माणसांपर्यंत पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले. दुसरे बव्हंशी राहून गेले.

६/
१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिच्या जिस्ट कार्डामुळे साध्या संगणकावर भारतीय लिप्या दिसू लागल्या, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतप्रमाण जाहीर झाले. परंतु छपाईच्या बाजारात चलती झाली ती निराळ्याच फॉन्टांची. त्यांची करामत अशी, की फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरे आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. प्रत्येक फॉन्टाचा मुखवटा वेगळा. ग्राहकाला हवा होता छापील कागद, आणि कागदावर सारे उत्तम दिसत होते. म्हणून त्या वेळी कोणी फारशी तक्रार केली नाही.

७/
इतिहासाच्या अभ्यासकाला याची झळ आज बसते. गावचा इतिहास, संस्थेची स्मरणिका, कुलवृत्तांत, असे पुष्कळ साहित्य १९९० नंतरच्या दोन दशकांत अशा फॉन्टांत टंकले गेले. त्या काळच्या एका स्मरणिकेच्या पीडीएफमधून मी परिच्छेद उचलला, तेव्हा हाती आली ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी. अडीचशे वर्षांपूर्वीचा पेशवे दफ्तरातील कागद मोडी शिकलेला कोणीही वाचू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र, तिचा फॉन्ट कोणता हे ठाऊक नसेल तर, कोणत्याही लिपीच्या जाणकाराला वाचता येत नाही. मला हे विनोदी वाटत नाही.

८/
यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली गेली. विंडोज २००० मध्ये ही सोय सामान्य संगणकापर्यंत आली. तिच्यातील 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवलेला होता. उपकार मोठेच. पण आता शीर्षकातल्या 'वऱ्हाड'कडे वळू.

९/
'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हा भेद मराठीत अर्थ बदलतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये हा 'ऱ्' दोन मार्गांनी लिहिता येतो. एक मार्ग 'ऱ' या अक्षराचा. हे अक्षर तक्त्यात द्राविडी भाषांतला 'र' दाखवण्यासाठी म्हणून नोंदले आहे आणि त्याचे अर्धे रूप आपल्या कामी येते. दुसरा मार्ग साध्या 'र'ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा. 'वऱ्हाड' आणि 'वर्‍हाड' हे शब्द तुम्हाला सारखे दिसतील. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि साधी शोधयंत्रणा एकाच्या शोधात दुसरा दाखवत नाही. वऱ्हाडाचा इतिहास धुंडाळणाऱ्याने नोंदच नाही असे समजून परत फिरावे आणि ती नोंद तिथेच असावी!

१०/
तीच गत 'ॲ'ची. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली. तोवर लोक 'अ'वर चंद्र ठेवून 'अॅ' लिहीत, किंवा हिंदी वळणाने 'ऍ'. तिन्ही रूपे आजही सर्वत्र मिसळलेली आहेत. 'ॲक्ट' शोधायचा तर तीनदा शोधा.

११/
'ल' आणि 'श'चे दुखणे त्यामानाने सौम्य. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' निश्चित केला. तरी पुष्कळ फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. मराठी वळण त्यांच्या पोटात असते, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे कोणी सांगितले तरच ते बाहेर येते. सांगायचे कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही.

१२/
एक हिशेब पैशांचाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यात रोमन अक्षरे १६० बसतात आणि देवनागरी चिन्हे अवघी ७०, त्यांतही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. 'नमस्कार' या शब्दाची सात चिन्हे होतात. दर संदेशामागे पैसे मोजण्याच्या काळात मराठी मजकुराला सहज दोन संदेशांचा खर्च येई. त्या पिढीने आपसांत रोमन लिपीत मराठी लिहायला सुरुवात केली, तेव्हा भाषाप्रेम आटल्याची ओरड झाली. मला ती ओरड अन्यायाची वाटते. दरपत्रक पाहून वागणाऱ्या माणसांना आपण अभिमानाची व्याख्याने दिली.

१३/
२०१४ मध्ये युनिकोडने मोडीलाही जागा दिली. जिला छापखान्याने मागे टाकले, ती लिपी आता संकेतांत सुरक्षित आहे. नव्वदच्या दशकातील ती स्मरणिका मात्र अद्याप नाही. तिच्यासाठी परिवर्तक मिळतात, पण मूळ फॉन्टाचे नाव कळल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही, आणि ते नाव बहुधा ती टंकणाऱ्या व्यक्तीलाच आठवत असते. तुमच्या घरी, शाळेत किंवा गावच्या वाचनालयात अशी एखादी सीडी असेल, तर त्या व्यक्तीला गाठा, फॉन्टाचे नाव विचारा आणि सीडीच्या वेष्टनावर ठळक लिहून ठेवा. जमल्यास येथे उत्तरातही कळवा. त्या नावांची यादी मी धाग्याखाली वाढवत राहीन.