पूर नदीचा, पाप कोणाचे?

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फूट गाठले, मगरी बडोद्याच्या वस्तीत शिरल्या, आणि कारभाऱ्यांनी बोट दाखविले आभाळाकडे! आम्ही विचारतो, नदीकाठच्या घळी भराव टाकून बुजविल्या त्या काय पावसाने? काठावर इमले चढले ते काय वरुणराजाच्या आज्ञेने? २०१९ च्या महापुराने दिलेला इशारा पाच वर्षे कोणी ऐकला नाही. २०२५ साली सरकारने पात्रातील गाळ उपसण्यास घेतला. म्हणजे दोष आभाळाचा नव्हता, ही कबुलीच झाली! संस्थानी राजवटीत सयाजीरावांनी या नगरीसाठी आजव्याचा जलाशय बांधला. लोकनियुक्त राज्याला नदीची वाटही मोकळी ठेवता येऊ नये? बडोदेकरहो, मदतीच्या पुडक्यांवर समाधान मानू नका. नदीची जमीन नदीला परत मिळालीच पाहिजे!